आधी पाणी बघा

आमच्या पिढीच्या हिवाळ्यातल्या अंघोळी इंजिनावर झाल्या. माजलगाव तालुक्यात, सिंदफणेच्या काठच्या मळ्यांत वाढलेल्या कुणालाही विचारा. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गार ठेवायला पंपाच्या डिलिव्हरी पाइपातूनच एक बारीक रबरी नळी काढलेली असायची. तिच्यातून गार पाणी इंजिनाच्या अंगात शिरायचं आणि दुसरीकडून वाफाळत दंडात पडायचं. त्या धारेखाली चुलत, मावस, आत्ये अशी सगळी भावंडं ओळीनं उभी. वाकळी तिथंच धुतल्या जायच्या. पंच्याला डिझेलचा वास यायचा, पण तो अंघोळीचाच वास आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

मोट आमच्या थोरल्यांनी पाहिली. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि पुढं मळ्यामळ्यांत कर्ज काढून इंजिनं आली. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना काढला होता. त्यांची इंजिनं बऱ्याच जणांकडं. काहींकडं राजकोटहून आलेली लिस्टर घडणीची, मिनिटाला ६५० फेरे घेणारी, जडशीळ चाकांची. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं, हे खालच्या मळ्यातलं, हे आपलं.

आणि आपलं इंजिन तापलं की घरात कुणाला तरी ताप आल्यागत व्हायचं. पहिली खबर बहुतेक धुणं धुणाऱ्या बायकांकडून यायची. आई पदराला हात पुसत म्हणायची, "बाप्पा, आज पाणी लई कढत पडायलंय, हाताला सोसंना." बाप्पा म्हणजे आमचे आजोबा. ते चिलीम बाजूला ठेवून उठायचे आणि वाटेतच सांगायचे, "आधी पाणी बघा."

पान्याला हात लावायच्या आधी पाणी. धार पडते का? बारीक झाली का? थांबत थांबत पडते का? धार बारीक असली तर नळीत शेवाळाचा बोळा अडकलाय. पंपच पाणी टाकत नसला तर विहिरीतल्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल गळतोय, नाहीतर विहीर उपसून पाणी त्याच्या खाली गेलंय. धार भरपूर असूनही इंजिन तापत असलं तर बंबात चढतो तसा क्षाराचा थर आत चढलाय. आमचं पाणीच तसं जड. मग झाकण खोलून खिळ्यानं खरवडा. तेवढ्यानं भागलं नाही तर तेलाची पातळी बघा, धूर काळा आहे का बघा. डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसराच हिस्सा कामाला येतो. जवळपास तेवढीच उष्णता पाण्यानं वाहून न्यायची असते आणि उरलेली बरीचशी धुराड्यातून जाते. हे आम्हाला पुढं पुस्तकात कळलं. बाप्पांना ते हाताला कळायचं. धारेखाली ते तळवा धरायचे नाहीत, हाताची उलटी बाजू धरायचे, लेकराचा ताप बघावा तशी. पाणी फार गार पडलं तरी त्यांना पटत नसे. इंजिन गारठलं की तेल नीट जळत नाही, आत काजळी धरते. मग ते नळीचा कॉक थोडा आवळायचे.

एका उन्हाळ्यातली संध्याकाळ आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. ऊस पाण्याला आलेला, आणि इंजिनाच्या डुगडुगीचा आवाज एकाएकी जड झाला. धार बंद, रंग जळाल्याचा वास. काकांनी इंजिन बंद केलं आणि बादली उचलली. बाप्पांनी त्यांचं मनगट धरलं. "तापल्या तव्यावर पाणी? हेड तडकंल, गड्या!" मग त्यांनी वरचा खटका उचलला आणि पिस्टन आत धरू नये म्हणून काकांना हँडल हळूहळू फिरवत ठेवायला लावलं. आम्ही पोरं गप्प. इंजिन निवेपर्यंत दिवेलागण झाली. नळी उपसून फुंकली तेव्हा हिरवागार बोळा निघाला, लिंबाएवढा. दुसऱ्या दिवशी फुटव्हॉलच्या जाळीवर आईच्या जुन्या लुगड्याचा विरविरीत तुकडा बांधला गेला. तो चार दिवसांआड काढून धुवायचं काम आमच्याकडं आलं.

आता विहिरीत सबमर्सिबल आहे, मोबाइलवरून चालू होते. वीज असली की पाणी येतं, आणि धारेखाली उभं राहायला कुणी जात नाही. ते चांगलंच झालं. रात्रीबेरात्री हँडल मारून बाप्पांचे खांदे कायमचे धरले होते.

पण धार बघायची ती रीत पुढं बोटीवरही भेटली. आम्ही नाव पाहिली ती मंजरथच्या संगमावर, वल्ह्याची. पण धाकटा भाऊ मास्तर होऊन दापोली तालुक्यात गेला आणि दिवाळीला आल्यावर हर्णैच्या बोटींचं सांगू लागला. तिथंही समुद्राचंच पाणी पंपानं ओढून इंजिनाभोवती फिरवतात आणि परत समुद्रात सोडतात. एकदा तो ओळखीच्या बोटीवर गेला असताना इंजिन तापलं. तांडेल पान्याकडं न जाता आधी कडेला वाकला आणि बाहेर पडणारी धार बघितली. धार करंगळीएवढी झाली होती. पाणी ओढायच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती.

"मग तू काय केलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही. पिशवी काढल्यावर धार मोठी झाली, तेव्हा मीपण वाकलो," तो म्हणाला आणि हाताची उलटी बाजू पुढं धरून दाखवली.