बारा-शून्य-बारा

तुमच्यापैकी कुणी लॅमिंग्टन रोडवर पावसात उभं राहून मूठभर रेझिस्टर निवडले असतील, तर पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट माझ्याकडे आहे. बाबांनीच ती १९९२ साली मिरजेत भरली. बाबा जूनमध्ये इकडे डून लेरीला येतायत. प्लेअरचा स्पीकर गेलाय, आणि बाबांना आता श्रवणयंत्र लागतं, म्हणजे हेडफोनही बाद. मग छोटा अॅम्प्लिफायर घरीच बांधायचं ठरवलं, ४० युरोंत. पोस्टडॉकच्या पगारातून इथलं भाडं गेल्यावरही जुनापाना सेट विकत घेता आला असता, खोटं कशाला बोलू? पण बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. विकतचा डबा बघून ते काय बोलले नसते, ते मला ऐकू आलं असतं.

तर पैसे कुठे वाचवायचे? मी ऑप-अँपपासून सुरुवात केली. एनई५५३२ चा गोंगाट टीएल०७२ पेक्षा बराच कमी, ५ विरुद्ध १८ नॅनोव्होल्ट. दोघांचे पाय सारखेच, म्हणून सॉकेट बसवलं, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावल्या आणि आलटून पालटून ऐकलं. काहीही फरक नाही! कॅसेटची स्वतःची सरसर एवढी, की त्यात दोन्ही बुडून जातात. महागड्या कपॅसिटरांची यादी मी त्याच रात्री फाडली.

पॉवरला टीडीए २०३०ए, पाच पायांचा जुना आयसी. लॅबच्या भंगारात १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर फुकट मिळाला. बटण दाबलं, फट्ट, आणि स्वयंपाकघरभर वास. आयसी नकली निघाला म्हणून मी विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि बाबांना फोन लावला.

"रिकाम्या लोडला किती व्होल्ट होते?"

मोजले. दोन्ही बाजूंना साडेतेवीस. आयसीची मर्यादा बावीस. डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली आहे, हे इथे सांगायला हवं का?

"आणि सिरीज दिवा लावला होतास ना रे?"

नव्हता. फिलामेंटचा दिवा मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये घातला, तर शॉर्ट असल्यास तो भक्क पेटतो आणि सर्किट वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी इथे कामाचा नाही, आणि युरोपात २००९ पासून असे दिवे टप्प्याटप्प्याने बंद झाले. शेवटी चॅरिटी शॉपमधला एक टेबल लॅम्प दिव्यासकट उचलला, चार युरो.

याच बंदरातली बोटींची शर्यत १८९८ साली मार्कोनीने समुद्रातून बिनतारी कळवली होती. तेव्हा गावाचं नाव किंग्सटाउन होतं. त्याने किती भाग जाळले असतील, हा विचार धक्क्यावरून फिरताना बरा वाटतो.

ट्रान्सफॉर्मर आता १२-०-१२ चाच हवा. इथे तो मिळतो, पण बाबा ऐकेनात. "दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच ना? मग मी आणतो. बाकी कुठेही काटकसर कर, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि मेन्सच्या वायरीत नको." किलोभर लोखंड हातातल्या पिशवीत घेऊन विमानतळावरच्या तपासणीत ते काय उत्तर देणार, ते आई त्यांना रोज विचारते.

बोर्ड तयार आहे. पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरची जागा मोकळी सोडलीय. भोकं अजून पाडलेली नाहीत, मापं त्यांनी आल्यावर घ्यायची आहेत.