पिवळी कांच

घड्याळ टिकतें आणि त्याची किल्ली हरवते. पानाचा डबा टिकतो आणि त्यांतील चुन्याची डबी नाहींशी होते. वडिलार्जित वस्तूंची ही रीतच दिसते. मूळ वस्तु जपावी असें सर्वांस वाटतें, तिच्या सोबत्यांकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. तीर्थरूपांच्या पश्चात् आमच्याकडे आलेला रोलायकॉर्ड कॅमेरा असाच एकटा आला. तो १९५४ सालीं निघालेल्या पांचव्या नमुन्याचा. त्याच्या तोंडावर एकाखालीं एक अशीं दोन भिंगें आहेत. वरच्यांतून पाहावयाचें व खालच्यानें चित्र घ्यावयाचें. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें तो अजून बिनतक्रार देतो. परंतु त्याच्याबरोबरची लहान चामडी डबी रिकामी आहे. तींत पिवळा फिल्टर व भिंगाचें हूड असे.

ही उणीव आमच्या ध्यानीं आणून दिली ती आत्याबाईंनीं. भिवंडीहून वाड्यास जाणाऱ्या रस्त्यावरील अंबाडी येथें त्यांचें वास्तव्य. भिवंडी तालुक्यांत भातशेतीच्या जागीं गोदामें उभीं राहत चाललीं आहेत, आणि आमचीं खाचरेंही विकलीं गेलीं. यंदाची आवणी तेथील शेवटची. तेव्हां तीर्थरूपांनीं ज्या कॅमेऱ्यानें तीं खाचरें टिपलीं, त्यानेंच तीं पुन्हां एकदां टिपावीं असें आम्हीं ठरविलें. पावसाच्या तोंडावर नमुन्यादाखल घेतलेलीं आमचीं चित्रें आत्याबाईंनीं जुन्या चित्रांशेजारीं ठेविलीं आणि विचारलें, "दादाच्या फोटोंत आभाळ आहे. तुझ्या फोटोंत तें कोठें गेलें रे?"

प्रश्न रास्त होता. कृष्णधवल फिल्म निळ्या रंगास फार लवकर वश होते. निळें आकाश तिच्यावर पांढऱ्या ढगांइतकेंच उजळ उमटतें आणि दोहोंतील भेद मिटतो. पिवळी कांच निळा प्रकाश अडविते. मग आकाश गडद होतें व ढग उठून दिसतात. त्याबद्दल प्रकाश सुमारें दुप्पट द्यावा लागतो, इतकेंच. हूडाचें काम याहून साधें: बाजूचें ऊन भिंगावर पडूं न देणें. भिंगावरील परावर्तन कमी करणारा लेप झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं शोधून काढला. आमच्या भिंगासही लेप आहे. पण तो एकपदरी, आणि समोरून तिरकें ऊन आलें कीं चित्रावर धुरकट पडदा येतोच.

मग आम्ही मुंबईस कोटांतील बोरा बाजारांत गेलों. पिवळ्या कांचा तेथें पुष्कळ पाहिल्या; आमच्या भिंगास बसेल अशी एकही दिसेना. आजच्या फिल्टरांना आटे असतात व कांठावर मिलिमीटरांत माप छापलेलें असतें. जुन्या भिंगांच्या घराण्यांत असें एकमत नव्हतें. लायकाच्या जुन्या एल्मारवर ३६ मिलिमीटरांचा फिल्टर नुसता बाहेरून सरकवावयाचा. त्याच घरच्या ५० मिलिमीटर सुमिक्रॉनला ३९ मिलिमीटरांचे आटे. अमेरिकेंत तर सीरीज फिल्टरांची चाल होती: बिनआट्यांची कांच एका कड्यांत ठेवून दुसऱ्या कड्यानें दाबावयाची. शिवाय व्यास जुळला म्हणजे काम झालें असेंही नाहीं. दोन आट्यांमधील अंतर निराळें असेल तर पहिला फेरा बसतो आणि दुसऱ्यास फिल्टर अडतो. तेथें बळ लावल्यास भिंगाचेच आटे जावयाचे.

आमच्या कॅमेऱ्यास आटे नाहींतच. त्याच्या कांठास खांचा आहेत. फिल्टर आंत घालून किंचित् फिरविला कीं अडकतो. यास बेयोनेट म्हणतात, आणि आमचें माप पहिलें. त्याच कारखान्याच्या कांहीं रोलायफ्लेक्सांना दुसरें व तिसरें माप लागतें, आणि त्यांतलें एक दुसऱ्यास चालत नाहीं. जर्मन फिल्टराच्या शोधांत तीन दुकानें झालीं. चौथ्या दुकानांतील वृद्ध गृहस्थांनीं कॅमेरा हातीं घेऊन पाहिला आणि एका खोक्यांतून जपानी फिल्टर काढला. तो याशिकामॅटसाठीं केलेला होता. जपान्यांनीं याशिकामॅट व मिनोल्टा ऑटोकॉर्ड यांस हेंच पहिलें माप ठेविलें होतें. फिल्टर बसला. सख्ख्या भावंडाचें चालेना तें परक्याचें चाललें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें.

हूड मात्र मिळालें नाहीं. भिवंडींत मागांचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्यास आम्हीं कॅमेरा दाखविला. त्यानें व्हर्निअर लावून मापें घेतलीं व मान हलविली. नळी क्षणांत होईल, पण खांचेंत अडकणारे कान कानशीनें घासून बसवावे लागतील. आणि नळी लांब झाली तर वरच्या भिंगाच्या दृष्टीआड येईल. "पण साहेब, ह्याचा उपयोग काय?" त्यानें विचारलें. भिंगावर सावली धरणें, असें आम्ही म्हणालों. तो हंसून म्हणाला, "मग छत्री धरा कीं!"

आवणीच्या दिवशीं दोन सरींच्या मध्यें उघडीप झाली. आम्हीं पिवळी कांच चढविली, आणि आत्याबाई बांधावर आमच्या बाजूस छत्री धरून उभ्या राहिल्या.

चित्रें धुऊन आलीं तेव्हां त्यांत आभाळ होतें. काळे ढग, त्यांच्या कडा, आणि खालीं चिखलांत वांकलेलीं माणसें. आम्हांस वाटलें, आतां आत्याबाई आभाळाविषयीं बोलतील. त्यांनीं चष्मा पुसला व चित्रावर बोट ठेवून सांगूं लागल्या: हें वडाचें खाचर, हें ओढ्याकडचें, हें मधलें, हें तुझ्या आजीनें दागिना मोडून घेतलेलें. त्यांतलीं निम्मीं नांवें आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलीं नव्हतीं. आम्हीं पेन्सिल घेतली आणि त्या सांगत गेल्या तशीं तीं चित्राच्या पाठीवर लिहून घेतलीं.