रबराखालचा रंग

या मालिकेत आपण बखरींविषयी, ताम्रपटांविषयी, मोडी कागदांविषयी बोललो. आजच्या धाग्यात एक असे साधन घेतो, ज्याला कोणताही अभिलेखागार दारात उभे करणार नाही : जुन्या मोटारीच्या काचांभोवतीचे रबर. विषय क्षुल्लक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. त्यात एक कुळकथा आहे, एक कायदा आहे आणि एक पुरावाही आहे.

मोटार आमच्या घरचीच आहे. १९७५ साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी. आजोबांचा केळीचा व्यापार होता. जळगावहून रावेर, सावद्याकडे त्यांच्या फेऱ्या असत, त्या याच गाडीने. आजोबा गेल्यावर ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली. तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा काकांनी घरात विचारले, "भंगारात द्यायची की उभी करायची?" आत्या म्हणाली, "उभी करा." मग गाडी टेम्पोवर चढवून धुळ्याला नेली, कारण फियाटच्या हाडामांसाची ओळख असलेले मिस्त्री तिथे आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. माझे धुळ्याला जाणे-येणे होतेच. राजवाडे संशोधन मंडळात वाचायला बसायचे आणि परतताना गॅरेजात डोकवायचे, असे काही महिने चालले.

नानांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडले नाही. त्यांनी पुढच्या काचेच्या रबरावर नख दाबले. तुकडा मोडून हातात आला. "हाई रबर नही, पापड शे," ते म्हणाले आणि मागच्या सीटखालचा गालिचा उचलायला सांगितला. खाली पत्रा जाळीसारखा झाला होता. इंजिन पुन्हा बांधता येते, पण मोटारीचा जीव तिच्या पत्र्यात असतो आणि पत्र्याला मारणारे पाणी बहुतेकदा काचेच्या कडेने आत शिरते.

आता थोडे मागे जाऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ पासूनची ‘फियाट ११०० डिलाइट’ पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. लोक मात्र अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. तो परवाना-राजचा काळ होता. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून एकदा घरात आलेली गाडी कोणी सहज काढत नसे. ती दुरुस्त होत राही. आपल्याकडच्या मिस्त्रींची विद्या या टंचाईतून घडली, असे माझे मत आहे.

आणि रबर? झाडाचा चीक उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून उष्णता दिली आणि तो टिकाऊ झाला. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. आशियातल्या मळ्यांची मुळे तिथे आहेत. त्याच रबरापायी बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काँगोमध्ये माणसांचे हात तोडले गेले. केरळात पेरियारच्या काठी १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. काचेच्या कडेला दबून बसलेल्या त्या काळ्या पट्टीमागे एवढा पसारा आहे.

ही पट्टी मरते कशी, हे खानदेशात राहणाऱ्यांना सांगावे लागू नये. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने रबरातले गंधकाचे सांधे वाढत जातात आणि ते कडक होते. हवेतला ओझोन वायू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, विशेषतः जिथे रबर ताणलेले असते तिथे. म्हणून कोपरे आधी फाटतात. मग जूनचा पहिला पाऊस त्या फटींतून आत उतरतो. आज मिळणारे ‘ईपीडीएम’ जातीचे कृत्रिम रबर ओझोनला दाद देत नाही, त्यामुळे ते कितीतरी अधिक टिकते.

दारांची गोष्ट निराळी आहे. खाली-वर होणाऱ्या काचेच्या कडेने थोडे पाणी दारात जाणारच, हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून दाराच्या तळाशी भोके असतात. आमच्या गाडीची ती भोके कुणा रंगाऱ्याने लांबी भरून गुळगुळीत करून टाकली होती. दिसायला छान! आत पाणी साचून दारे कुजली.

इथे मला एका प्रश्नाने छळले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. रबराचा तिथे उल्लेखही नाही. पण आपण इतिहासवाले लोक ‘मूळ’ या शब्दाशी अडतो. पन्नास वर्षांचे रबर काढून फेकले, तर मूळपणातून काही वजा होते का? गॅरेजात आलेल्या एका हौशी गृहस्थांचे म्हणणे होते, जुनेच रबर ठेवा, वरून सिलिकॉन मारा. नानांनी मान हलवली. सिलिकॉनच्या साध्या नळ्यांतून सुकताना आम्ल सुटते आणि ते पत्रा खाते. म्हणजे मूळ रबर जपण्याच्या नादात मूळ पत्रा गमवायचा.

मला उत्तर सापडले ते दफ्तरांतल्या सवयीत. आपल्याकडे जुने कागद रुमालात बांधून ठेवत. रुमाल धूळ खातो, कसर झेलतो, विरतो. विरला की बदलतात. कागद राहतो. मात्र बदलताना जुन्या रुमालावर काय लिहिले होते, कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, हे टिपले नाही, तर माहिती कायमची जाते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, तेव्हा अनेक घरांत फक्त विरलेले कापड आणि भुसा उरला होता. रबर हा मोटारीचा रुमाल आहे. तो मरण्यासाठीच असतो, पण सोडताना डोळे उघडे हवेत.

आणि सोडताना खरोखर काही मिळाले. काच वाचवायची असेल तर रबर उपटायचे नसते. धारदार पात्याने त्याची बाहेरची ओठाळी कापायची आणि काच आतून हळू ढकलायची. तसे केले. गाडी आम्ही आयुष्यभर पांढरी पाहिली. काकांच्या मते ती पहिल्यापासून पांढरीच होती आणि आरसी बुकातही पांढरा रंग लिहिला आहे. आत्या मात्र म्हणायची, लहानपणी ती हिरवट होती. तिचे कुणी ऐकत नसे. रबर निघाले आणि त्याखालच्या पत्र्याच्या कडेवर, गंजाच्या डागांमधून, फिकट हिरव्या रंगाची बोटभर पट्टी दिसली. रंगाऱ्याने पांढरा रंग रबराच्या कडेपर्यंत आणून थांबवला होता. मग आरसी बुक नीट पाहिले, तर ती दुसरी प्रत होती, मूळ पुस्तक हरवल्यावर काढलेली. नक्कल आणि स्मृती यांच्या वादात पुरावा स्मृतीच्या बाजूने उभा राहिला. १९५५ मध्ये तापीकाठच्या प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी उत्खननात थरांखालचे थर वाचले. आमचे उत्खनन बोटभर रुंदीचे, पण रीत तीच. आत्याला फोटो पाठवला, तिचे उत्तर फक्त इतकेच आले, "मी सांगत होते."

पुढचे काम हातांचे. गंज तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला. हिरव्या पट्टीचा वितभर भाग तसाच ठेवून बाजूचा पत्रा रंगवला. नवे रबर कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून आले. गाडी जिथे जन्मली तिथूनच. हा माल आता दुर्मीळ होत जाणार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली आणि माझ्या समजुतीप्रमाणे हा बाजार त्यांच्या जोरावरच टिकला होता.

रबर मापापेक्षा बोटाच्या पेरभर लांब कापायचे, कारण ते आकसते. जोड वरच्या बाजूला मधोमध ठेवायचा, खाली पाणी साचते. रबर काचेवर चढवायचे, त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. मग एकाने बाहेरून तळव्यांनी दाबायचे आणि दुसऱ्याने आत बसून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची ओठाळी पत्र्यावर उडी मारून बसते. आत मी होतो, बाहेर नाना. वीस मिनिटे लागली. मग नळी लावून पाणी मारले. पुढून एक थेंब आला नाही.

व्हिंटेज नोंदणीचा अर्ज अजून भरलेला नाही. ती झाली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच. काकांना ती सावद्यापर्यंत चालवायची आहे. कोणता रंग द्यायचा, यावरही घरात दोन तट आहेत. जुन्या रबराचा एक तुकडा मी तारीख लिहून कापडात बांधून ठेवला आहे. मागच्या उजव्या दाराची पट्टी मात्र अजून मिळालेली नाही, तिथून पाणी गळते. कोणाला धुळे-जळगाव भागात माहीत असेल तर खाली लिहा.