सोनेरी ठिपके

अण्णांच्या स्टुडिओत मी कॅमेरा शिकलो तो निकॉन एफएम२ वर. 1982 चं मॉडेल, शटर पूर्ण यांत्रिक. सेल संपला तर मीटर तेवढा बंद पडायचा, फोटो निघतच राहायचे. बटण दाबलं की बॉडीतला खटका हलायचा आणि लेन्समधली अ‍ॅपर्चरची पाती मिटायची. बिघाड डोळ्यांना दिसायचा, म्हणून अण्णा लेन्स हातात घेऊन आधी नुसती बघत बसायचे.

1987 साली कॅननने ईएफ माउंट आणला आणि हा खटकाच काढून टाकला. फोकस, अ‍ॅपर्चर, सगळं विजेवर. लेन्स आणि बॉडी आता बोलतात ती सोन्याचा मुलामा दिलेल्या इवल्याशा ठिपक्यांतून. सोनं गंजत नाही हे खरं. पण त्यावर बोटांचा घाम आणि तेल बसतं, धूळ बसते. आमच्या रत्नागिरीला तर हवाच खारट.

चिपळूणच्या एका लग्नात, मे महिन्यात, मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कॅमेऱ्यावर लेन्सशी संपर्क तुटल्याचा संदेश आला. कॅमेरा बंद केला, लेन्स काढली, मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने ठिपके पुसले, लेन्स टक् आवाज येईपर्यंत फिरवली. अक्षता पडायच्या आत कॅमेरा चालू होता.

दरवेळी असं होत नाही. तेव्हा मी लेन्स दुसऱ्या बॉडीला लावून बघतो. दुखणं तिच्याबरोबर गेलं तर दोष लेन्सचा. मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो काढतो. तो नीट आला, आणि एफ 8 वर मात्र कॅमेरा अडला, तर ठिपके घासून काही होणार नाही. पात्यांची मोटर किंवा तिची फ्लेक्स केबल गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. झूम एका ठरावीक जागी आला की एरर येत असेल, तरी संशय त्या केबलवरच. सतत वाकून वाकून ती तुटते. हे काम कारागिराचं.

साफ करायचंच तर आधी बॅटरी काढावी. कोरड्याने भागलं नाही तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याच्या टोकाला जेमतेम ओल येईल इतकंच घ्यावं. बॉडीचं तोंड खाली धरावं, म्हणजे थेंब किंवा कचरा आत जात नाही. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात, त्यांना हलकाच हात लावावा. सगळं वाळल्यावरच लेन्स चढवावी.

काचपेपर तर मुळीच नको. खोडरबर पुष्कळ जण सुचवतात, मला ते पटत नाही: त्याचा चुरा आत पडतो आणि मुलामाही झिजतो. तो थर फार पातळ असतो, एकदा गेला की घरी परत चढवता येत नाही. दुरुस्तीला लेन्स देण्याआधी स्वच्छ फडकं एकदा फिरवून बघा, एवढीच विनंती.