थांबलेलं पाणी

फालुद्यातला सब्जा दाताखाली येतो तेव्हा आपण बहुतेक पाणीच चावत असतो. बीभोवती ते गुळगुळीत होऊन बसलेलं असतं, ओघळत नाही. आळीव आणि इसबगोलाचीही तीच तऱ्हा. एरवी सांडण्यात पटाईत असलेलं पाणी इथे एवढं शहाणं कसं?

त्याला अडवतं लांबलचक रेणूंचं जाळं. या साखळ्यांना पाण्याची विलक्षण ओढ; एकट्या असत्या तर त्यात विरघळूनच गेल्या असत्या. पण त्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून नुसत्या फुगतात. हायड्रोजेल म्हणतात ते हेच.

प्रागच्या एका संशोधन संस्थेचे संचालक ओटो विख्तर्ले यांना असा पदार्थ भिंग म्हणून डोळ्यात घालायचा होता. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू हवेतून घेतो. जुन्या कडक प्लास्टिकच्या भिंगांतून हा वायू जाईना. विख्तर्लेंच्या जेलमध्ये सुमारे 38 टक्के पाणी, त्यातून थोडाफार झिरपे. पण भिंग घडवायचं कसं? 1961 च्या नाताळात त्यांनी घरीच मुलांच्या ‘मेर्कुर’ या जोडखेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जुळवून यंत्र केलं. फिरत्या साच्यात थेंब पसरला आणि मऊ भिंग तयार झालं. प्रयोगशाळा हाताशी असलेला हा संचालक सणाच्या दिवशी पोरांच्या खेळण्यांत रमला, याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

बाळाच्या डायपरमधली पांढरी भुकटी याच कुळातली, पण भलतीच तहानलेली. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिते. मीठ मात्र तिला सोसत नाही. लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिथे तिची झेप बरीच कमी पडते. (जाहिरातीत ओततात ते निळं पाणी खारट असतं का, कुणी विचारत नाही!) अशीच तहान शेतातही कामी येते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने त्यासाठी ‘पुसा हायड्रोजेल’ केलं आहे. ते मुळांपाशी ओल धरून ठेवतं. पण पाऊस किंवा पाटाचं पाणी आधी यावं लागतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

फुलदाणीत घालायला आणि खेळायला मिळणारे रंगीत गोळेही याच जातीचे. कोरडे असताना ते साबुदाण्याएवढे, गोळीसारखे दिसतात. मुलाने एखादा गिळला तर तो पोटात फुगतो, आतडं अडवतो. कधी शस्त्रक्रियेची वेळ येते. घरात रांगतं मूल असेल तर हे गोळे आणूच नका.