दात कमी, दम जास्त

मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला व्हायवात गिअर रेशोचं सूत्र विचारा, तो धाडधाड म्हणून दाखवेल. पण ‘रेशो बदलला की गाडीचं नक्की काय होतं?’ असं विचारलंत की पठ्ठ्या छताच्या पंख्याकडे बघायला लागतो. मला या प्रश्नाचं उत्तर होस्टेलच्या मागच्या खडकावर मिळालं. तेच इथे सांगतो.

आम्ही चार रूम पार्टनरनी मिळून एक सेकंडहँड रॉक क्रॉलर घेतला. म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची गाडी. चारही चाकांना ताकद आणि दगडाधोंड्यांवरून गोगलगायीसारखं चढत जाणं हेच तिचं काम. प्रत्येकाने जवळजवळ महिन्याच्या मेसबिलाएवढे पैसे काढले. घरी कुणी काय कारण सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही!

होस्टेलमागे काळ्या कातळाचा उतार आहे आणि त्याच्या मध्यावर चार-पाच बोटं उंचीची पायरी. गाडी तिथपर्यंत ऐटीत जायची, पायरीला चाकं टेकायची आणि थांबायची. मोटर नुसती घूं घूं करायची. दोन मिनिटांत हात लावला तर चटका आणि वर जळका वास. मोटर गेली असती तर चौघांच्या खिशात मिळून नवीन मोटरचे पैसे नव्हते, त्यामुळे रूमवर तातडीची मीटिंग भरली.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, “बंद करून परत चालू करून बघा.” त्याला लगेच चहा आणायला पाठवलं. सिव्हिलवाला म्हणाला, “कमी टर्नची मोटर घेऊ. चढेल पण आणि ग्राऊंडवर पळेल पण.” इलेक्ट्रिकलवाल्यालाही ते पटत होतं. मी म्हटलं, “खर्च करायच्या आधी गाडी उघडून दात तरी मोजू या.”

मोजले. मोटरच्या शाफ्टवरचं छोटं चाक, म्हणजे पिनियन, २० दातांचं. त्याला लागलेला मोठा स्पर गिअर ८७ दातांचा. म्हणजे पहिलं रिडक्शन ४.३५. मधल्या गिअरबॉक्समध्ये २.६. ॲक्सलमध्ये ३८ ला १३, म्हणजे २.९२. तिन्हींचा गुणाकार साधारण ३३. मोटर ३३ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं.

आता पिनियन १४ दातांचं टाकलं तर? पहिलं रिडक्शन ६.२१ आणि एकूण ४७. मोटर १२,००० आरपीएमने फिरते आणि टायरचा व्यास ११० मिलिमीटर आहे असं धरलं, तर वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून सव्वापाचवर येतो. म्हणजे आपण जेवण झाल्यावर मेसमधून रूमवर येतो तेवढा! पण त्याच मोटरचा चाकावरचा जोर ४३ टक्क्यांनी वाढतो. घर्षणात जाईल ते वजा. कसारा घाटात लाल डब्याचा ड्रायव्हर इंजिन बदलत नाही, खालचा गिअर टाकतो. तसंच हे.

इलेक्ट्रिकलवाल्याला त्याच्याच विषयाने पटवलं. डीसी मोटरमध्ये टॉर्क करंटच्या प्रमाणात. तोच दगड चढायला आता मोटरला ७० टक्केच टॉर्क द्यावा लागणार, म्हणजे करंटही जवळपास ७० टक्के. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती जवळजवळ निम्मी! त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर ०.७ चा वर्ग केला आणि गप्प बसला. मतदान तीन विरुद्ध एक झालं.

पिनियन आणायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्या सिलॅबसमध्ये मोड्यूल असतं, या गाड्यांमध्ये बऱ्याचदा पिच असतो. ४८ पिच म्हणजे २५.४ भागिले ४८, सुमारे ०.५३ मोड्यूल. दुकानात ०.६ मोड्यूलचं पिनियनही मिळतं आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडं वाटतात. ते लावलं तर स्परचे दात खाऊन टाकेल. बसवताना मोटर सुमारे १.६ मिलिमीटर आत सरकवावी लागली. दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. एवढीच फट हवी. याहून घट्ट झालं तर गिअर रडतो, सैल झालं तर दात उडतात.

त्या रविवारी गाडी पायरीला टेकली, क्षणभर थांबली आणि एकेक चाक उचलत वर गेली. मोटर कोमट!

पण फुकट काहीच मिळत नाही. आधी मोटर अडायची तिथे ती आता जोर लावायला लागली आणि तो सगळा जोर बारीक प्रोपेलर शाफ्टमधून जायला लागला. त्या पिळाने चढावर चासी एका बाजूला कलायची. वर्कशॉपमधल्या काकांना दाखवलं. आटे पाडताना लेथचा बॅक गिअर टाकायला आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. गाडी हातात फिरवून ते म्हणाले, “अरे, जोर शेवटी जिथं लागतो तिथं वाढव की. आधीपासून शाफ्टला कशाला पिळतोस?” युनिमॉगसारख्या गाड्यांच्या पोर्टल ॲक्सलमध्ये चाकाजवळ रिडक्शन असतं, त्यात हाही एक फायदा आहे. एका ॲक्सलपुरतेच पैसे होते, म्हणून मागे ४३ ला १३ चा सेट बसवला. मागच्या शाफ्टवरचा पीळ कमी झाला आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा १३ टक्के जास्त फिरून गाडीला वर ओढायला लागली.

सिव्हिलवाल्याला मात्र आमची ही बैलगाडी कधीच आवडली नाही. “मी पळणाऱ्या गाडीचे पैसे दिले होते,” असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. वेग विकून जोर घेताना त्याचाही हिस्सा आम्ही विकला होता. त्याचे पैसे तिघांनी हप्त्याने परत केले. दोन महिने कँटीनचा वडापाव बंद होता. तो अजून आमचा पार्टनर आहे, फक्त रूमचा. जुनं २० दातांचं पिनियन त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं.

तेव्हा ज्युनियर्सनो, गिअर ताकद तयार करत नाही. आहे तेवढ्या ताकदीतून वेग हवा की जोर, एवढंच ठरवू देतो. ते ठरवण्याआधी गाडीत कोण कोण बसलंय हे बघा. प्रात्यक्षिक रविवारी मेसनंतर मागच्या खडकावर. बॅटरी चार्ज करायचं एक्स्टेंशन बोर्ड ज्याने त्याने आपलं आणावं!