एका कोबीचे तीन रंग

माणसाचं नाव एक आणि रूप दुसरंच निघालं, तर बँक त्याला केवायसीसाठी पुन्हा बोलावते. भाज्यांना हा नियम नाही ते बरं. नाही तर लाल कोबीचं खातं कुठल्याच शाखेत उघडलं नसतं. नाव लाल, दिसायला जांभळा आणि शिजवला की निळा! कागदपत्रांत एवढी तफावत असलेला इसम माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत काउंटरवर आलेला नाही.

त्यातून आमचं उमरखेड म्हणजे विदर्भाचं शेवटचं दार. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. इथे साध्या हिरव्या कोबीबद्दलही एकमत नाही. पुण्याकडून बदलून आलेले आमचे साहेब 'कोबी चिरला' म्हणतात, आम्ही 'पत्ताकोबी चिरली' म्हणतो. जिथे लिंगाचाच निकाल लागलेला नाही, तिथे रंगाचा कुठून लागणार?

तर हा बहुरंगी प्राणी आमच्या वाट्याला आला तो एका शेतकऱ्याच्या धाडसापायी. ऊस, कापूस, सोयाबीन, हळद या सगळ्यांची सुखदुःखं भोगून झाल्यावर त्यानं पाच गुंठ्यांत लाल कोबी लावला. नांदेडच्या हॉटेलांत सॅलडला लागतो, सगळा माल उचलतो, असं एका व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं. माल तयार झाला आणि व्यापाऱ्याचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर गेला. पीककर्ज आमच्या शाखेचं. त्यामुळे एका सकाळी पासबुकासोबत दोन जांभळे गड्डे माझ्या काउंटरवर आले.

"साहेब, घरी करून पाहा बरं. बाजारात लोक इचारतात, रंग देल्ला काय म्हून. बाया हात लावतात अन् आपलेच बोटं पाहतात."

ग्राहकाकडून भेट घेणं नियमात बसत नाही, म्हणून मी पैसे पुढे केले. त्यानं ते घेतले. आमच्याकडचा शेतकरी भाजीचे पैसे सहसा घेत नाही. यावरून काय ते ओळखा.

घरी आईनं गड्डा पाहिला आणि "बाप्पा रे बाप्पा, हे काय आणलं!" म्हणत तो देवघरापासून चार हात लांब ठेवायला लावला. आमच्या घरात परकी भाजी चालत नाही. चालतो फक्त बटाटा आणि साबुदाणा, आणि तेही उपासाला. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्याचं नाव पोर्तुगीजांनी आणलेलं. आपल्याकडे ज्या कंदाचा साबुदाणा करतात, तोही दक्षिण अमेरिकेतलाच. पण ही खाती जुनी. जुन्या खातेदाराला कोण काय विचारतो?

सौ.नं नेहमीच्या रिवाजानं भाजी टाकली. लोखंडी कढई, मोहरीची फोडणी, हळद, बोअरचं पाणी, वर झाकण. दहा मिनिटांनी झाकण काढलं, तर आत पालक शाईच्या दौतीत शिजवावा तसा काही तरी निळसर-हिरवट ऐवज. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी तुम्ही खा." पितृभक्ती हल्ली अशीच प्रसंगाप्रसंगानं दिसते.

खुलासा केला तो अकरावी सायन्सला असलेल्या आमच्या कन्येनं. या कोबीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल यांचा रंगही याच जातकुळीचा. आंबटाची संगत मिळाली की हा रंग लाल होतो, सोड्याची किंवा जड पाण्याची मिळाली की निळा आणि फारच बिघडला तर हिरवा. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवरून घासून निघत नाही. ते पाणी, वर लोखंडी कढई, आणि निळ्यात हळदीचा पिवळा मिसळला की हिरवा, हे तर चित्रकलेच्या वहीतच असतं. थोडक्यात, कोबी चांगल्या घरचा होता, संगत वाईट लागली.

सौ.नं काही न बोलता वरून लिंबू पिळलं. जिथे थेंब पडले, तिथे तिथे भाजी गुलाबी झाली. आमच्या घरात इतक्या झटपट मतपरिवर्तन झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

दुसऱ्या गड्ड्याच्या वेळी मग रीतसर परिपत्रक निघालं. कढई स्टेनलेस स्टीलची. कोबी हिरव्यापेक्षा बारीक चिरायचा, कारण याची पानं जाड आणि स्वभाव चिवट. पाव किलोला अर्धं लिंबू. त्यातलं निम्मं फोडणीत कोबी पडताक्षणी आणि निम्मं वाढताना. सगळं आधीच ओतलं तर रंग राहतो, पण पान लवकर मऊ होत नाही. पाण्याचा नुसता हबका. आणि हळद अजिबात नाही. या शेवटच्या कलमावर आईनं आक्षेप नोंदवला. हळद पिकवणाऱ्या तालुक्यात हळदीवाचून भाजी म्हणजे लग्नाला नवरदेव नको म्हणण्यासारखं. पण परिपत्रक मागे घेतलं गेलं नाही.

कोशिंबीर त्याहून सोपी. कच्चा कोबी, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून हिरव्या मिरचीची फोडणी. दही घालायचं असेल तर पानात वाढताना, म्हणजे ते हळूहळू गुलाबी होतं आणि पाहुण्यांना बोलायला विषय मिळतो. भजी करणार असाल तर पिठात सोडा नको. आतून हिरवी निघतात आणि पाहुणे बोलायचे थांबतात.

जर्मनीत म्हणे या भाजीला उत्तरेकडे 'लाल कोबी' म्हणतात आणि बव्हेरियात 'निळा कोबी'. म्हणजे त्यांच्याकडेही पैनगंगा आहेच. तिथे सफरचंद आणि व्हिनेगर घालून तो मंद आचेवर बराच वेळ शिजवतात आणि नाताळात भाजलेल्या हंसाबरोबर वाढतात. आईला सांगताना मी हंस गाळला. सरस्वतीच्या वाहनाची ही वाट लागलेली तिला सोसली नसती.

आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आंबटगोडच पाहिजे ना? मग सफरचंद कशाला? कवठ काय मेलं?"

अर्धा किलो कोबी, एका लहान कवठाचा गर, सुपारीएवढा गूळ, तिखट-मीठ आणि मंद आच. भाजी गडद डाळिंबी झाली. आईनं देवघराकडे पाठ करून पहिला घास घेतला, मग दुसऱ्या वेळी वाढून घेतलं. परक्या भाजीचं केवायसी पूर्ण झालं.

पुढचं काम संक्रांतीच्या हळदीकुंकवानं केलं. सौ.नं तिळगुळाबरोबर वाटीवाटी गुलाबी कोशिंबीर वाटली. बँकेचं जाहिरात खातं वर्षभरात जे करत नाही ते पंचवीस बायका एका संध्याकाळी करतात. पुढच्या आठवडी बाजारात तो शेतकरी ढिगाशेजारी लिंबाची फोड घेऊन बसला होता. "रंग देल्ला काय?" असं कुणी विचारलं की तो कोबीचं पान कुस्करून त्यावर लिंबू पिळी. पान लाल झालं की निम्मे लोक "हा तर जादूचा रंग!" म्हणून निघून जात. उरलेले निम्मे कोबी घेत. धंद्यात एवढं प्रमाण वाईट नाही.

माल सगळा काही खपला नाही. शेवटचे गड्डे गुरांनी खाल्ले, आणि त्यांनी रंगाबद्दल काहीच विचारलं नाही. त्याचं कर्ज फिटलं की नाही, हे मात्र मला सांगता येणार नाही; ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी लागते. एवढंच सांगतो, की यंदा त्यानं पुन्हा तेवढेच पाच गुंठे लाल कोबी लावलाय, व्यापाऱ्याचा नंबर फोनमधून काढून टाकलाय आणि बांधावर लिंबोणीची दोन रोपं लावलीत.